घरात आणखी कोणाला हा आजार होता?

दवाखान्यात केसपेपर काढून आपण डॉक्टरांसमोर बसतो. नाव, वय, त्रास विचारून झाला की डॉक्टर विचारतात, “घरात आणखी कोणाला साखर, बीपी, हार्टचा त्रास?” आपले उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते, “नाही, तसे कोणाला काही नाही.”

मग घरी आल्यावर आठवते. मोठे काका पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन गेले होते. आत्याच्या पायाची जखम भरली नव्हती. आजीची दोन मुले लहानपणीच गेली होती. हे सगळे आपल्याला ठाऊक असते, पण आपण त्याला घरातले दुःख म्हणून लक्षात ठेवतो, आजार म्हणून नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारले की ते तोंडावर येत नाही.

वस्तीतल्या घरांची आणखी एक अडचण आहे. कोणी ७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबई-पुण्याला आले, कोणी गिरणीसाठी आले, कोणी बांधकामावर आले. आजोबा एका गावात वारले, आजीचे माहेर तिसऱ्याच तालुक्यात. आडनावे बदलली, कागद गावच्या पेटीत राहिले. तीन पिढ्यांची माहिती एका ठिकाणी अशी नसतेच. ती एका वहीत कशी आणायची आणि तिचा तब्येतीसाठी उपयोग कसा करायचा, हे या लेखात पाहू.

रक्तातले आणि घरातले

एकाच घरात तोच आजार पुन्हा पुन्हा दिसला म्हणजे तो रक्तातूनच आला असे नव्हे. तीन प्रकार वेगळे ठेवावे लागतात.

पहिला प्रकार थेट आई-वडिलांकडून येणारा. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे या प्रकारात येतात.

दुसऱ्या प्रकारात फक्त कल येतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि स्तनाच्या कॅन्सरचे काही प्रकार यात येतात. आई-वडिलांना असला म्हणजे आपल्याला होईलच असे नाही, पण शक्यता वाढते. पुढे काय होणार हे जेवण, वजन, तंबाखू, दारू, झोप आणि वेळेवर केलेली तपासणी यांवरही ठरते.

तिसरा प्रकार रक्तातला नसतोच. एका खोलीत सहा माणसे झोपतात आणि एकाला टीबी असतो, तेव्हा दुसऱ्याला तो हवेतून लागतो. चुलीचा धूर, गिरणीतला कापसाचा भुसा, खाणीतली दगडाची धूळ, विडीची तंबाखू यांनी बापाची छाती गेली आणि मुलानेही तेच काम धरले, तर मुलाचीही जाते. लोक म्हणतात, “त्यांच्या घराण्यातच दमा आहे.” खरे तर त्या घरात पिढ्यान्पिढ्या तेच काम आहे. म्हणून वहीत आजाराबरोबर कामधंदाही लिहायचा.

करणी, बाहेरचे, मागच्या जन्मीचे पाप असा रकाना या वहीत नाही. कोणी तसे सांगितले तर माणूस कसा आजारी पडला, काय काय होत होते, एवढेच त्यातून वेचून घ्यायचे.

वही कशी सुरू करायची

दोनशे पानी वही आणि पेन्सिल पुरते. पेन्सिल यासाठी की माहिती पुढे दुरुस्त करावी लागते. सुरुवात पणजोबांपासून करू नका. स्वतःपासून करा. आधी स्वतः आणि भावंडे, मग आई-वडील, मग दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी. डॉक्टरांना एवढ्या तीन पिढ्या पुरतात. त्यामागची माहिती मिळाली तर उत्तमच.

प्रत्येक माणसाला एक पान द्या आणि त्यावर हे लिहा :

१) घरातले नाव, शाळेतले नाव, आडनाव. बाईचे माहेरचे आडनावही.
२) जन्माचे गाव, तालुका, जिल्हा.
३) जन्माचे साल, अंदाजे चालेल.
४) कामधंदा आणि तो किती वर्षे केला.
५) आजार आणि तो कितव्या वर्षी सुरू झाला.
६) तंबाखू, विडी, दारू.
७) मृत्यू झाला असेल तर त्या वेळचे वय आणि शेवटच्या दिवसांत काय काय झाले.
८) मुले किती झाली आणि किती राहिली.

पाचवा मुद्दा नीट लिहा. वडिलांना पंचाहत्तरीत हार्ट अटॅक येणे आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी येणे यात डॉक्टरांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. आठवा मुद्दाही गाळू नका. लहानपणी गेलेल्या लेकरांची नावे कुठल्याच कागदावर नसतात, ती फक्त आईच्या आठवणीत असतात. आणि कधी कधी घरातल्या आजाराचा धागा तिथेच सापडतो.

शेवटी एका मोठ्या कागदावर सगळ्यांचे चित्र काढा. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, तिच्यातून खाली मुले. मृत माणसाच्या खुणेवर तिरकी रेघ. आजार असेल तर खूण भरून काळी करा. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी, म्हणजे नात्यातच लग्न झाले असेल, तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ. डॉक्टरही अशाच खुणा वापरतात, त्यामुळे त्यांना हा कागद एका नजरेत कळतो.

आणखी एक गोष्ट. जातीचा दाखला काढताना आपण बापाच्या बाजूचेच कागद शोधतो, कारण कार्यालयात तेच मागतात. तब्येतीच्या वहीत तसे चालत नाही. रक्त दोन्हीकडून सारखेच येते. आईची आई, तिची भावंडे, त्यांची मुले यांची माहिती वडिलांकडच्या माहितीइतकीच मोलाची आहे. आजीचे माहेरचे गाव आणि आडनाव विचारणारे आज ना उद्या कोणी उरणार नाही, म्हणून ते आधी लिहून घ्या.

बुजुर्गांना कसे विचारायचे

“तुम्हाला कोणते आजार आहेत?” असा प्रश्न टाकला तर म्हातारी माणसे गप्प होतात. आधी गावाचे, लग्नाचे, शाळेचे विचारा. का विचारता आहात तेही सांगा : “लेकरांच्या तब्येतीसाठी लिहून ठेवतोय.” आजी तांदूळ निवडत बसली असताना, भाजी चिरताना चार गोष्टी सांगते. समोर वही उघडून जाब घेतल्यासारखे बसलात तर सांगणार नाही. एका बैठकीत सगळे होत नाही. थकल्या की थांबा.

जुन्या माणसांना साल आठवत नाही, पण प्रसंग आठवतो. “बाबासाहेब गेले तेव्हा माझे लग्न झालेले होते,” असे आजी म्हणाली तर तिचे लग्न डिसेंबर १९५६ च्या आधीचे. अशाच आणखी खुणा : नागपूरची धम्मदीक्षा (१४ ऑक्टोबर १९५६), पुण्यातल्या घरांसाठी पानशेतचा पूर (जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), १९७२ चा दुष्काळ, गिरणी संप (१९८२), किल्लारीचा भूकंप (सप्टेंबर १९९३), मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार (जानेवारी १९९४). “संपाच्या वेळी बाळ रांगत होते का चालत होते?” एवढ्या प्रश्नातून वय निघते.

आजाराची नावेही त्यांच्या तोंडची वेगळी असतात. ती तशीच्या तशी लिहा आणि मग डॉक्टरांना दाखवा. ढोबळ अंदाज असा :

“बसल्या जागी गेला”, “छातीत कळ आली, घाम सुटला” : हृदयविकाराचा झटका असू शकतो.

“लकवा मारला”, “एक बाजू गेली, तोंड वाकडे झाले” : पक्षाघात. मागे वाढलेला रक्तदाब असण्याची शक्यता मोठी.

“सारखी तहान, सारखी लघवी”, “पायाचे बोट काळे पडले, कापावे लागले” : मधुमेह.

“खोकून खोकून वाळला, रक्त पडायचे” : टीबी.

“पोटात पाणी झाले” : बहुतेक वेळा यकृत खराब झालेले असते आणि अनेकदा त्याला दारू कारण असते. पण हृदय, किडनी किंवा पोटाचा टीबी यांमुळेही असे होते.

“पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागले” : गर्भाशयाचा किंवा त्याच्या मुखाचा कॅन्सर असू शकतो.

“लहानपणी हातापायाची बोटे सुजायची, डोळे पिवळे राहायचे, थंडी-पावसात हाडे ठणकायची” : सिकलसेल.

हे अंदाज आहेत, निदान नव्हे. पण “काही नाही” म्हणण्यापेक्षा डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

कागद कुठे सापडतात

आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशनकार्ड, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेचे पाकीट, ईएसआयचे कार्ड, गिरणीचा तिकीट नंबर, फौजेतून सुटल्याचे पुस्तक, लग्नपत्रिका, फोटोमागे लिहिलेली तारीख. गिरणी कामगारांच्या घरासाठी कोणी अर्ज भरला असेल तर त्या फाईलमध्ये वारसांचे बरेच कागद एकत्र मिळतात. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो घ्या. मूळ कागद लॅमिनेट करू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

गावची शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते, काही भागांत त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. आजोबा दोन इयत्ताच शिकले असले तरी त्यात नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख मिळते. मात्र तारखेवर फार विसंबू नका. त्या काळी मास्तर अंदाजाने १ जून लिहून टाकत.

तहसील कार्यालय. गावात जन्म-मृत्यूची नोंद ज्या वहीत होई तिला कोतवाल बुक म्हणतात. सरकारी भाषेत तो गाव नमुना १४. जुनी पुस्तके तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. गाव, अंदाजे साल, बापाचे नाव लिहून नकलेसाठी अर्ज करावा लागतो. मृत्यूच्या नोंदीत ‘ताप’, ‘पटकी’, ‘देवी’, ‘हगवण’ असे कारणही आढळते. यातल्या ‘ताप’ या शब्दाखाली पुष्कळ आजार झाकले गेले आहेत, हे ध्यानात ठेवा. जुने कागद मोडी लिपीत असू शकतात. तसे असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. अर्ज करूनही उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून मागता येते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही शुल्क नाही.

तलाठी आणि ग्रामपंचायत. जमीन असेल तर सातबारापेक्षा जुने फेरफार पाहा. माणूस वारल्यावर झालेल्या वारस नोंदीत मुलांबरोबर मुलींचीही नावे आढळतात, आणि हरवलेल्या आत्यांचा पत्ता तिथे लागतो. पश्चिम महाराष्ट्रात महार वतनाच्या जमिनी असलेल्या घरांसाठी १९५८ च्या वतन रद्द कायद्यानंतरचे फेरफार महत्त्वाचे. जमीन नसेल तर ग्रामपंचायतीतला घरपट्टीचा नमुना ८ पाहा. त्यात घर कोणाच्या नावावर होते ते कळते.

अलीकडचे मृत्यू. आपल्याला मिळणाऱ्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते. कारणाचा वेगळा वैद्यकीय दाखला असतो. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. त्या वेळी कोणाला सुचत नाही, म्हणून घरातल्या एका माणसाने तरी ती मागून घ्यायची, हे आधीच ठरवून ठेवा.

नाव एक, आडनावे तीन

शोध घेताना आपल्याकडे हमखास अडते ते आडनावापाशी. जुन्या नोंदीत बहुधा आडनावच नसते. “अमुक बिन तमुक महार” किंवा विदर्भ-मराठवाड्याकडे “अमुक वल्द तमुक” एवढेच असते. बिन आणि वल्द म्हणजे ‘चा मुलगा’. पुढे कोणी गावाच्या नावाला ‘कर’ जोडला, कोणाला शाळेत मास्तरांनी आडनाव दिले, कोणी धर्मांतरानंतर जुने आडनाव टाकून नवे घेतले. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी आणि नाते नसलेल्यांची एकच, असे दिसते. आडनावावरून नाते धरू नका. बापाचे नाव, गाव आणि साल या तिन्हींचा मेळ बसला तरच माणूस तोच समजा.

जातीच्या रकान्यातही एकाच घरात महार, हिंदू महार, बौद्ध, नवबौद्ध अशा नोंदी सापडतात. जुना शब्द वाचून राग येतो, पण कागदावर खाडाखोड करू नका. १० ऑगस्ट १९५० ही अनुसूचित जातींच्या आदेशाची तारीख आहे. त्याआधीचा एखादा कागद हाती लागला तर तो मुलांच्या जात पडताळणीलाही उपयोगी पडतो. तब्येतीसाठी केलेल्या शोधाचा हा जास्तीचा लाभ समजा.

मूळ गाव सांगायलाच हवे

“मूळ गाव कुठले?” या प्रश्नाची आपल्या लोकांना चीड आहे, कारण तो पुष्कळदा जात काढण्यासाठी विचारला जातो. पण दवाखान्यात हाच प्रश्न जीव वाचवू शकतो, आणि त्याचे मोठे उदाहरण म्हणजे सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. म्हणून हाडे दुखतात, रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात, जंतुसंसर्ग चटकन होतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, तसेच नंदुरबार या भागांत हा आजार बराच आढळतो. विदर्भातल्या बौद्ध घरांत आहे, तसाच तो आदिवासींत आणि तिथल्या इतर समाजांतही आहे. आफ्रिका, अरबस्तान आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांतही आहे. जिथे पूर्वी मलेरियाचा जोर होता तिथे तो टिकला, कारण या दोषाचा एकच अंश अंगात असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणजे याचे कारण मलेरियाच्या इतिहासात आहे. याला कोणा जातीचा आजार म्हणणे चूक आहे.

नागपूरकडचे कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी पुण्या-मुंबईत आले, मुलांना गाव माहीतच नाही, आणि लेकराची हाडे ठणकतात. तिथल्या डॉक्टरांच्या मनात सिकलसेल लगेच येईलच असे नाही. संधिवात, अशक्तपणा, कावीळ असे उपचार चालू राहतात. “आमचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यात, आजीची दोन मुले लहानपणी गेली,” एवढे एक वाक्य डॉक्टरांना योग्य तपासणीकडे नेते.

सिकलसेलचा हिशेब सोपा आहे. प्रत्येकाला एक अंश आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. दोन्ही चांगले असतील तर तो निरोगी, म्हणजे एए. एकच दोषी असेल तर वाहक, म्हणजे एएस. वाहक सहसा आजारी नसतो, शिकतो, काम करतो, आयुष्य नेहमीसारखे जगतो. दोन्ही दोषी असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण.

वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाले तर मुले निम्म्या शक्यतेने वाहक होतील, रुग्ण एकही नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के, निरोगी होण्याची २५ टक्के. “पहिले रुग्ण झाले, आता पुढची तीन चांगली” असे होत नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने मांडला जातो.

एक घर नमुन्यादाखल

समजा, तेवीस वर्षांची एक मुलगी पुण्याच्या वस्तीत राहते. लग्नाची बोलणी चालू आहेत. ती वही लिहायला बसते आणि आईच्या आईला विचारते. आजी सांगते, सात लेकरे झाली, पाच राहिली. एकाचे हातपाय लहानपणी सुजायचे, ते चौथ्या वर्षी तापात गेले. दुसरे खेळता खेळता पांढरे पडले, पोट फुगले, दोन दिवसांत संपले. “कोणी तरी केले म्हणत होते.”

बोटे सुजणे आणि प्लीहा एकदम मोठी होऊन अंगातले रक्त तिच्यात अडकणे, ही दोन्ही लहान मुलांतल्या सिकलसेलची ओळखीची लक्षणे आहेत. तो सिकलसेल असेल, तर आजी-आजोबा दोघेही वाहक असणार. त्यांच्या धडधाकट राहिलेल्या प्रत्येक मुलाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. म्हणजे मुलीची आई वाहक असण्याची शक्यता तीनात दोन, आणि आईच्या बाजूने मुलीची निम्मी, म्हणजे तीनात एक. मामा, मावशी आणि त्यांची मुले यांनाही हाच हिशेब लागू आहे.

वहीने इथपर्यंत आणले. पुढचे काम रक्ताच्या तपासणीचे. ती वाहक निघाली तर तिचे लग्न थांबवण्याचे काहीच कारण नाही. फक्त होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी हवी. तो निरोगी निघाला तर त्यांच्या मुलांना हा आजार होणार नाही. दोघेही वाहक निघाले तरी निर्णय त्या दोघांचा. त्यांना गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, साधारण दहा ते बारा आठवड्यांत, बाळाची तपासणी मोठ्या रुग्णालयात करता येते. म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांकडे जायचे.

आणि ज्या सुनेच्या लेकराला हा आजार झाला म्हणून तिला बोल लावले जातात, तिच्या बाजूने हा हिशेबच बोलतो. एसएस बाळाला एक दोषी अंश आईकडून आला तसाच एक वडिलांकडून आलेला असतो. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही.

वही भरल्यावर काय करायचे

माहिती गोळा करून पेटीत ठेवली तर उपयोग नाही. तिचे एक पानी टिपण करा आणि केसपेपरबरोबर ठेवा. त्यावरून पुढची पावले ठरतात.

वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासा आणि तंबाखू आजच सोडा.

आई-वडिलांना किंवा भावंडांना साखर असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. तिशीनंतर प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कॅन्सरची, तसेच बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. घरात आजार असेल तर तिशीच्या आधीही तपासणी मागा.

आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, किंवा एकाच बाजूच्या दोघी-तिघींना स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर घरातल्या बायकांनी वयाची वाट न पाहता सल्ला घ्यावा. ही माहिती वडिलांच्या बाजूचीही धरायची.

घरात सध्या कोणाला टीबी असेल तर सोबत राहणाऱ्या सगळ्यांची तपासणी करा. आजार नसलेल्यांना तो होऊ नये म्हणूनही गोळ्या मिळतात.

मूळ गाव सिकलसेलच्या पट्ट्यातले असेल तर घरातल्या सगळ्यांची एकदा तपासणी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक आहे की रुग्ण हे त्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. ही दुसरी तपासणी अर्धवट सोडू नका. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे. रुग्ण निघाला तर फॉलिक ॲसिड, गरजेनुसार हायड्रॉक्सीयुरिया आणि लसी यांनी पुष्कळ फरक पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला नियमांनुसार दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

वही कोणाच्या हाती

या वहीत घरातली नाजूक माहिती असते. कोणाची दारू, कोणाचे मानसिक आजारपण, कोणी जीव दिलेला, कोणाचे दुसरे लग्न, कोणाचे दत्तक मूल. ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायची नाही, सोयरिकीच्या बैठकीत फिरवायची नाही. जिवंत माणसाचा आजार त्याच्या परवानगीनेच लिहा. कोणी सांगायला तयार नसेल तर जागा मोकळी ठेवा. ज्याला ज्या माहितीची गरज आहे त्याला तेवढीच द्या. मात्र जी माहिती दुसऱ्याच्या जिवाशी संबंधित आहे, उदाहरणार्थ तुम्ही वाहक आहात हे, ती सख्ख्या भावंडांना सांगून तपासणीला पाठवणे हे आपले काम आहे.

अनेक घरांत एखाद्या बुजुर्गाच्या पुण्यानुमोदनाला सगळे सोयरे एकत्र येतात आणि मग लक्षात येते की विचारायचे होते ते माणूसच गेले. तेवढे थांबू नका. १४ एप्रिलला, दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना गावाकडचे लोक घरी मुक्कामाला येतात. वर्षावासात विहारात रोज बैठक होते. तिथे आलेल्या आजींना आणि आजोबांना दोन प्रश्न विचारून सुरुवात करा : तुमचे माहेर किंवा मूळ गाव कोणते, आणि तुम्ही किती भावंडे होतात? त्यांची उत्तरे ही वहीच्या पहिल्या दोन ओळी. बाकीचे त्याच हळूहळू सांगतील.